घरातला बाप : श्रद्धा आणि हसू



येत्या १९ मार्चला आपण संत योसेफ यांचा सण साजरा करणार आहोत. हा सण प्रायश्चित्तकाळात येतो. जांभळ्या वस्त्रांच्या त्या दिवसांत वेदीवर एक दिवस पांढरी वस्त्रे दिसतात. ते निमित्त साधून या रविवारच्या अभ्यासपाठासाठी आम्ही ‘घरातला बाप’ हा विषय घेतला आहे. त्यातही बापाची श्रद्धा आणि बापाचे हसू.

विषय ऐकून धर्मग्राम समितीतील एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “फादर, उपवासाच्या दिवसांत हसण्यावर पाठ?” आम्ही त्यांना संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढून दाखवला. उपवास करताना तोंड पाडून बसू नका, उलट डोक्याला तेल लावा आणि तोंड धुवा, असे प्रभूने तेथे सांगितले आहे. त्या गृहस्थांच्या डोक्यावर तेल लावावे असे फारसे काही उरलेले नाही. त्यांनी स्वतःच डोक्यावरून हात फिरवला आणि आमच्याआधी तेच हसले. आमच्या पाठाची सुरुवात तिथेच झाली.

एका मुलीचा प्रश्न

काही आठवड्यांपूर्वी पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात आम्ही प्रभूने शिकवलेली प्रार्थना समजावून देत होतो. देव आपला पिता आहे, म्हणजे तो आपल्या घरच्या पप्पांसारखा आहे, असे आम्ही म्हणालो. आठ वर्षांच्या एका मुलीने हात वर केला. “फादर, मग देव घरी आला की टीव्ही बंद करून लगेच अभ्यासाला बसायचं का?”

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण रात्री दिवा मालवल्यावर ते हसू मावळले. त्या लेकराने विनोद केला नव्हता. ‘पिता’ या शब्दाचा तिला ठाऊक असलेला अर्थ तिने सरळ सांगितला होता. गल्लीच्या तोंडाशी ज्याच्या गाडीचा आवाज आला की घर गप्प होते, तो पिता.

हे कोणाचे घर, असा शोध कृपया कोणी घेऊ नये. आम्हीही घेतला नाही, कारण पुढच्याच रविवारी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आम्ही वर्गाच्या दारात आलो आणि मुलांचा कलकलाट एकदम थांबला. इतकी वर्षे आम्ही त्याला शिस्त समजत होतो. आम्हालाही सारा धर्मग्राम ‘फादर’ म्हणतो. तेव्हा हा पाठ बापांना उद्देशून असला तरी पहिल्या बाकावर आम्ही स्वतःच बसलो आहोत, असे समजावे.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही संत थॉमस अक्विनस यांच्याकडून एक गोष्ट शिकलो होतो. देवाविषयी बोलताना आपण जे शब्द वापरतो ते आपल्या जगातून उचललेले असतात. खरे पितृत्व आधी देवाचे. संत पौलही इफिसकरांस लिहिताना सर्व पितृत्वाचे नाव त्या पित्यापासून येते असे सांगतो. असण्याच्या क्रमात देव आधी आणि घरातला बाप नंतर. पण कळण्याच्या क्रमात उलटे घडते. लेकराला आधी घरातला बाप कळतो, मग त्या शब्दाचे बोट धरून ते देवाकडे जाते. शब्दच भीतीने भरलेला असेल, तर प्रार्थनेचे पहिले पाऊलच अडखळते. हसऱ्या-रडव्या घरगुती गोष्टींचा पाठ आम्ही इतक्या गंभीरपणे घेत आहोत, त्याचे कारण हे आहे.

विश्वासाच्या पित्याने लेकाचे नाव काय ठेवले?

पवित्र शास्त्रात ज्याला आपण विश्वासाचा पिता म्हणतो तो अब्राहाम. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात देव त्याला सांगतो की सारेच्या पोटी तुला पुत्र होईल. अब्राहाम काय करतो? तो पालथा पडतो आणि हसतो. शंभर वर्षांच्या म्हाताऱ्याला आणि नव्वद वर्षांच्या म्हातारीला मूल! पुढच्या अध्यायात तंबूच्या दाराआड उभी असलेली सारा हेच ऐकून मनातल्या मनात हसते. देव विचारतो, सारा का हसली? ती घाबरून म्हणते, मी नाही हसले. देव म्हणतो, हसलीस हो! संसारातला असा संवाद ज्या ग्रंथात आहे, तो ग्रंथ आपल्या घरांना परका कसा असेल?

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की देव त्या दोघांच्या हसण्यावर रागावून आपले वचन मागे घेत नाही. उलट तेच हसू तो मुलाच्या नावात घालतो. इसहाक या हिब्रू नावाचा अर्थच ‘तो हसतो’ असा आहे. एकविसाव्या अध्यायात बाळ जन्मते तेव्हा सारा म्हणते की देवाने मला हसवले आहे आणि जो कोणी हे ऐकेल तो माझ्यासंगे हसेल. आधीचे हसणे अविश्वासाचे होते, नंतरचे आनंदाचे. दोन्हींच्या मध्ये देवाने आपला शब्द पाळला.

आपल्या घरांतही हीच दोन हसणी असतात. “हा पोरगा काय दिवे लावणार!” असे म्हणून बाप हसतो, ते पहिले हसणे. पुढे तोच पोरगा धडपडून उभा राहतो तेव्हा बाप डोळे पुसत हसतो, ते दुसरे. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी लागणारी वाट म्हणजे श्रद्धा. अब्राहामालाही ती वाट चालायला अनेक वर्षे लागली.

एकही शब्द न बोललेला बाप

आता संत योसेफ. चारही शुभवर्तमाने चाळली तरी त्यांच्या तोंडचा एकही शब्द सापडत नाही. आमच्या एका भगिनीने हे ऐकून म्हटले, “फादर, मग आमच्याकडेही एक संत आहेत, फक्त मोबाइल हातात असतो.” योसेफ यांचे मौन मात्र कान उघडे ठेवणारे मौन होते. संत मत्तय त्यांच्या चार स्वप्नांविषयी सांगतो, आणि स्वप्नातून जागे झाल्यावर ते दरवेळी उठले आणि कामाला लागले.

परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांची झोपलेल्या संत योसेफांच्या मूर्तीवर भक्ती होती. १६ जानेवारी २०१५ रोजी मनिला येथे कुटुंबांशी बोलताना त्यांनी सांगितले, की एखादी अडचण आली की आपण ती चिठ्ठीवर लिहितो आणि त्या मूर्तीखाली ठेवतो, म्हणजे योसेफ त्यावर झोपेत विचार करतील. रविवारी दुपारी जेवून आडव्या होणाऱ्या आपल्या बापांना यातून मोठा आधार मिळेल, हे आम्ही जाणतो. त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की योसेफ रात्रीच उठले, बाळाला आणि त्याच्या आईला घेतले आणि मिसर देशाची वाट धरली.

रात्री उठणारे बाप आपल्या शहराला नवे नाहीत. जायकवाडीचे धरण उशाशी असूनही आपल्या छत्रपती संभाजीनगराने आठ-आठ दिवसांनी येणारे नळाचे पाणी वर्षानुवर्षे पाहिले आहे. पहाटे तीनला मोटार लावून, टाकी भरेपर्यंत पायरीवर डुलक्या घेत बसणारा बाप सकाळी पुन्हा वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या पहिल्या पाळीला जातो. असा माणूस मिस्साला आल्यावर प्रवचनात पेंगला तर आम्ही त्याला आता क्षमा करायला शिकलो आहोत. बाहेर मोटारसायकलींपाशी उभे राहून प्रवचन ‘ऐकणाऱ्यांविषयी’ मात्र थोडे पुढे बोलू.

८ डिसेंबर २०२० रोजी, संत योसेफ यांना अखिल ख्रिस्तसभेचे आश्रयदाते म्हणून १८७० साली घोषित केले गेले त्याला दीडशे वर्षे झाली, तेव्हा परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी ‘पात्रिस कोर्दे’ म्हणजे ‘पित्याच्या हृदयाने’ हे पत्र प्रसिद्ध केले. त्यातील एक विचार असा : मूल जन्माला घातल्याने कोणी बाप होत नाही, त्या जिवाची जबाबदारी स्वीकारल्याने होतो. जगभर कोरोनाची साथ पसरलेली असताना हे पत्र आले. पाळीवर न जाता घरात बसावे लागलेल्या अनेक बापांना आपली मुले कोणत्या इयत्तेत आहेत हे त्याच काळात नीट कळले, असे त्यांनीच आम्हाला हसत आणि थोडे लाजत सांगितले आहे.

हरवले कोण?

संत लूकच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट आपल्याला पाठ आहे. बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहतो. तो सोबतच्या मंडळींत असेल असे समजून आईबाप दिवसभराची वाट चालून जातात. ‘तुझ्याकडे असेल असे मला वाटले’ हा संवाद लूकने लिहिलेला नाही. पण ज्यांनी मुलांना घेऊन यात्रा केली आहे त्यांना तो लिहून दाखवण्याची गरज नाही.

हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपल्याकडून दरवर्षी अनेक कुटुंबे जातात. सप्टेंबरातल्या त्या गर्दीत लाउडस्पीकरवरून हरवलेल्या मुलांची नावे पुकारली जातात. एका वर्षी आपल्याच धर्मग्रामातील चार वर्षांचा एक मुलगा स्वयंसेवकांना सापडला. “बाळ, हरवलास का?” असे विचारल्यावर तो ठामपणे म्हणाला, “मी नाही हरवलो, पप्पा हरवलेत.” पप्पा धावत आले तेव्हा ते रडत होते आणि मुलगा पेढा खात होता.

त्या मुलाचे उत्तर आम्ही अनेकदा आठवतो. येशूनेही मंदिरात जवळजवळ हेच विचारले होते : माझा शोध का केलात, मी माझ्या पित्याच्या घरी असणार हे तुम्हाला ठाऊक नव्हते काय? मूल कोठे आहे याचा शोध आपण घेतो. पण बाप कोठे आहे, हा प्रश्न मूलही विचारत असते. जेवताना तो पानावर असतो आणि मन कंपनीत असते. मिस्साच्या वेळी बायको-मुले बाकावर असतात आणि तो फाटकापाशी. प्रवचन संपून श्रद्धांगीकार सुरू झाला हे बाहेरच्या मंडळींना नेमके कसे कळते, ते आम्हाला अजून उकललेले नाही. पण त्याच क्षणी ते आत येतात. बंधूंनो, आमचे प्रवचन कंटाळवाणे असेल तर तसे आम्हाला येऊन सांगा, आम्ही सुधारू. पण लेकराच्या शेजारची जागा रिकामी ठेवू नका. ते मूल आमचे शब्द विसरेल; बाप शेजारी गुडघे टेकून बसला होता हे विसरणार नाही.

विनोद हाही सद्गुण आहे

काही भाविकांना वाटते की हसणे आणि पावित्र्य यांचे जमत नाही. ख्रिस्तसभेचे आचार्य तसे म्हणत नाहीत. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने सद्गुणांच्या यादीत प्रसन्न विनोदबुद्धीला जागा दिली होती. संत थॉमस अक्विनस यांनी तो विचार उचलला आणि सांगितले की विसावा शरीराला लागतो तसा मनालाही लागतो. विनोद हा मनाचा विसावा आहे. त्यांनी संत योहानाची एक जुनी गोष्ट दिली आहे. प्रेषित योहान शिष्यांबरोबर विरंगुळ्यात बसलेले पाहून काही लोक नाराज झाले. योहानाने त्यांच्यातल्या धनुष्य बाळगणाऱ्या एकाला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सोडायला सांगितले, आणि विचारले, असे सतत करता येईल का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. योहान म्हणाले, मनाचेही तसेच आहे.

या सद्गुणाच्या दोन्ही बाजूंना दोन दोष आहेत. एकीकडे प्रत्येक गोष्टीची थट्टा करणारा विदूषक; दुसरीकडे स्वतः हसत नाही आणि दुसऱ्यालाही हसू देत नाही असा रुक्ष माणूस. घरात बाप यांपैकी कोणत्या बाजूला झुकतो, हे त्याने आपल्या पत्नीला विचारावे. तिला उत्तर शोधायला वेळ लागणार नाही.

आपल्या धर्मप्रांताचे महामंदिर ज्यांच्या नावाने आहे, ते संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली संसारी लोकांसाठी भक्तिजीवनावर एक पुस्तक लिहिले. त्यांच्याच नावाच्या संघाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगाव परिसरात आले आणि आपल्या पणजोबांच्या पिढीला शुभवर्तमान मिळाले. त्या पुस्तकात संत फ्रान्सिस निर्मळ थट्टामस्करीला मोकळीक देतात, पण उपहासाला फार मोठा दोष मानतात. उपहासात समोरच्याला तुच्छ लेखलेले असते, हे त्यांचे कारण. बापांनी ही रेघ पक्की ध्यानात ठेवावी. दहावीत कमी गुण मिळालेल्या मुलाला पाहुण्यांसमोर “आमचे कलेक्टर आले” असे म्हणणे हा विनोद नव्हे. पाहुणे हसतात, मुलगाही हसल्यासारखे करतो, आणि त्या दिवसापासून तो बापापाशी काही बोलायचे बंद होतो.

मग बापाने हसायचे कोणाला? आधी स्वतःला. आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, गंगापूर तालुक्यात शेती करीत. दिवसभर औत हाकून आल्यावर रात्रीच्या जपमाळेत त्यांचा डोळा लागे. पण झोपेतही उत्तरे बरोबर देत. एका रात्री आम्ही तिसऱ्या रहस्यावर होतो. उत्तराची वेळ आली आणि दादा मोठ्याने ओरडले, “हऽ हऽ, वळ मागं!” बैल स्वप्नातही बांध सोडून चालले असावेत. आम्ही भावंडे श्वास रोखून बसलो. आईने डोळे वटारले. दादा दचकून जागे झाले, सगळ्यांकडे पाहिले, आणि आधी तेच हसले. मग सारे घर हसले. थोड्या वेळाने त्यांनी मरिया मातेच्या तसबिरीला हात जोडून “चुकलं माय” म्हटले आणि जपमाळ जिथे थांबली होती तिथून पुढे नेली.

दादांना अक्विनस ठाऊक नव्हते. पण त्या रात्री आम्ही दोन गोष्टी शिकलो. थकलेल्या माणसाचीही प्रार्थना देव घेतो, आणि चुकल्यावर हसून, क्षमा मागून पुढे जाता येते. सेमिनरीतील वर्षांत आमची श्रद्धा डळमळली तेव्हा ग्रंथांइतकाच त्या बैलांनी आम्हाला आधार दिला.

घराच्या भिंतीआडचे संत

इंग्लंडचे संत थॉमस मोर हे चार मुलांचे बाप आणि राजाचे प्रमुख मंत्री. मुलींना त्यांनी मुलाइतकेच उच्च शिक्षण दिले, जे त्या काळी नवलाचे होते. घर हसते राहावे म्हणून त्यांनी घरात एक विदूषकही ठेवला होता. पुढे राजापेक्षा सद्‌सद्विवेकबुद्धी मोठी मानल्याने ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. वधस्तंभाचा जिना डळमळत होता. त्यांनी अधिकाऱ्याला सांगितले, की वर चढायला तेवढी मदत करा, उतरताना माझे मी पाहीन. घरात रोज हसलेला माणूसच असे बोलू शकतो. २०१८ साली पावित्र्यावर लिहिलेल्या पत्रात परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी आनंद व विनोदबुद्धी हे पावित्र्याचे लक्षण म्हणून सांगितले, तेव्हा याच संतांचा उल्लेख केला.

आपल्या मराठी मातीतलेही एक घर आठवते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. ते आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या सभेतले, पण त्यांच्या कुटुंबाची गोष्ट सर्व ख्रिस्ती घरांची आहे. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली. त्यांत कवी, भक्त, दानशूर असलेला पती आणि बाप किती विसराळू, किती रागीट, घरखर्चाच्या बाबतीत किती बेभरवशाचा होता, हे त्यांनी काहीही न लपवता लिहिले आहे. तरी वाचून संपवताना टिळकांविषयीचा आदर कमी होत नाही, वाढतो. लक्ष्मीबाई त्यांच्यावर हसतात तशा स्वतःवरही हसतात, आणि त्या हसण्यात तुच्छता नाही. ज्यांच्या घरी ते पुस्तक असेल त्यांनी या प्रायश्चित्तकाळात ते जरूर काढावे.

हसू थांबते तेव्हा

हसून सारे सुटते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. संत तेरेझाचे वडील संत लुई मार्टिन हे फ्रान्समधील घड्याळजी. नऊ मुले झाली, चार लहानपणीच गेली. १८७७ साली पत्नी झेली यांचे निधन झाले आणि पाच मुली त्यांच्या पदरात राहिल्या. लहानग्या तेरेझाला ते फिरायला नेत, मासे धरायला नेत. पुढे मेंदूच्या आजाराने त्यांना सुमारे तीन वर्षे मनोरुग्णांच्या इस्पितळात राहावे लागले. लोक कुजबुजत. मुलींनी त्या आजारी, गोंधळलेल्या बापातच दुःख सोसणाऱ्या ख्रिस्ताचा चेहरा पाहिला. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पती-पत्नी दोघे एकत्र संत म्हणून घोषित झाले. बापाने आधी प्रेम दिलेले असेल, तर तो ढासळल्यावरही घर त्याला धरून ठेवते.

आपल्यातीलच एका बंधूची गोष्ट त्यांच्या परवानगीने, नाव न देता सांगतो. त्यांची नोकरी गेली. घरी सांगण्याचे धाडस झाले नाही. रोज सकाळी डबा घेऊन ते नेहमीच्या वेळी निघत आणि दुपारी आपल्या चर्चच्या आवारात झाडाखाली येऊन बसत. आम्ही विचारले तेव्हा त्यांनी सारे सांगितले, पण घरी कळू देऊ नका म्हणून गळ घातली. मग आम्ही त्यांच्याजवळ बसू लागलो. ते आग्रहाने एक पोळी आमच्या हातावर ठेवीत.

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी त्यांनी डबा उघडला. नेहमीच्या चार पोळ्यांच्या जागी सहा होत्या, आणि भाजीच्या वाटीवर कागदाचा कपटा : ‘दोन फादरसाठी. त्यांना तिखट चालत नसेल तर सांगा.’

बायकोला पहिल्या आठवड्यापासून सारे ठाऊक होते. तो माणूस कपट्याकडे पाहत राहिला, मग हसू लागला, आणि हसता हसता गुडघ्यांत डोके घालून रडला. आम्हीही काही फार धीराचे ठरलो नाही. भाजी खरोखरच तिखट होती, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

त्या रात्री त्यांनी प्रार्थनेच्या वेळी मुलांना खरे सांगितले. मोठी मुलगी गप्प बसली. धाकट्याने विचारले, “म्हणजे आता शाळेत सोडायला तुम्हीच येणार?” पुढे पाच महिने ते रोज सोडायला गेले. आज ते एका लहानशा वर्कशॉपमध्ये आहेत. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. पण ते म्हणतात, की पूर्वी मी घरी आलो की मुले पुस्तक उघडायची, आता दार उघडतात.

बंधू-भगिनींनो, त्या आठ वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला वर्गात देता आले नव्हते. आता देता येईल. देव घरी आला की टीव्ही बंद करावा लागत नाही, बाळ. दार उघडावे लागते. हे तिला पटण्यासाठी मात्र आमच्या शब्दांपेक्षा तिच्या घरच्या दाराची मदत अधिक लागेल.

या आठवड्यात करून पाहू

१. बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरूनंतर आईबापांनीही बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण केली होती. तो अंगठा अजून तुमच्याकडेच आहे. रोज रात्री झोपण्यापूर्वी मुलांच्या कपाळावर ती खूण करा. मुलगा तुमच्यापेक्षा उंच झाला असेल तर त्याला वाकायला सांगा.

२. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण सांगते, की जे आईबाप आपल्या चुका मुलांपुढे कबूल करतात त्यांना मुलांना वळण लावणे अधिक सोपे जाते. या आठवड्यात एकदा मुलापाशी “माझे चुकले” म्हणा. ‘पण’ हा शब्द न जोडता.

३. जेवताना प्रत्येकाने दिवसभरातली आपली एक फजिती सांगावी. सुरुवात बापाने करावी.

४. पुढच्या रविवारी मिस्साला आत, कुटुंबाच्या बाकावर बसा.

चिंतनासाठी प्रश्न

१. माझ्या गाडीचा आवाज ऐकून घरातली माणसे काय करतात?

२. मी मुलांना हसतो, की मुलांबरोबर हसतो?

३. माझ्या वडिलांची कोणती आठवण मला प्रार्थनेकडे नेते? ती नसेल, तर मी कोणाला क्षमा करायची राहिली आहे?

ज्या घरांत बाप हयात नाहीत, दूर आहेत किंवा व्यसनात हरवले आहेत, त्या घरांतील माता, आजोबा, मामा आणि थोरले भाऊ ही जागा भरून काढीत आहेत. १९ मार्चच्या मिस्सामध्ये आम्ही त्यांची विशेष आठवण करू. संत योसेफही येशूचे जन्मदाते नव्हते. तरीही नाझरेथच्या त्या घरात ‘बाप’ हा शब्द रिकामा राहिला नाही.

ख्रिस्ताठायी आपला,
धर्मगुरू